भिगवणला एकाच दिवसात बदकं आणि घुबड: जमतं, फक्त पळापळ करू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की जानेवारीतल्या एका रविवारी पुण्याहून भिगवणला जाऊन भरपूर बदकं आणि निदान एक तरी घुबड बघायचंय, बरोबर नऊ वर्षांची मुलगी आहे, दुर्बीण एकच आहे, आणि मागे ऑक्टोबरमध्ये गेला होतात तेव्हा सगळी बदकं तपकिरीच दिसली, घरी येऊन पुस्तक उघडलं तर एकही चित्राशी जुळेना. मी गेली बावीस-तेवीस वर्षं दर हिवाळ्यात भिगवणला, म्हणजे उजनी धरणाच्या पाण्यावर जातोय, त्यातली बरीचशी वर्षं शाळेतली पोरं बरोबर घेऊन, त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलीला किती वाजता भूक लागते आणि किती वाजता कंटाळा येतो हे मला बदकांपेक्षाही खात्रीने सांगता येईल.

आधी ऑक्टोबरचं सांगतो, कारण त्यात तुमची चूक काहीच नाही. विणीचा हंगाम संपला की नर बदकाची रंगीत पिसं झडतात आणि मादीसारखी मळकट तपकिरी येतात. त्याच सुमारास पंखांतली उडायची पिसंही सगळी एकदम गळतात, तीन-चार आठवडे उडताच येत नाही, आणि उडता येत नसताना भरजरी कपडे घालून पाण्यावर मिरवणं म्हणजे कोल्ह्याला घरी जेवायला बोलावणं. हे सगळं तिकडे सायबेरियात, मध्य आशियात उरकतं. पंख आले की ती निघतात पण अंगावरचे कपडे तेच जुने, म्हणून ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे उतरलेला नर आणि मादी शेजारी उभे केले तरी भल्याभल्यांची गडबड होते. नोव्हेंबर-डिसेंबरात हळूहळू नवे रंग चढतात आणि जानेवारीत बघावं तर एकेक नवरदेव. बऱ्याच जातींच्या जोड्या इथेच, हिवाळ्यातच जमतात, मग नटावं तर लागणारच ना. अपवाद भुवई बदकाचा, त्याचा नर सगळ्यात आळशी, जानेवारीतही अर्धाच नटलेला सापडतो, भुवईची पांढरी रेघ धड आलेली नसते. तेव्हा तो नाही ओळखला तर मनाला लावून घेऊ नका.

माझी पहिल्या वर्षीची वही अजून आहे, त्यात नोव्हेंबरच्या एका तारखेला लिहिलंय "हळदीकुंकू बदक, दोनशे". आमच्यातल्या एका जुन्या काकांनी ती वही बघून एवढंच विचारलं, चोचीचं पिवळं टोक दिसलं का रे तुला? नव्हतं दिसलं. ती सगळी तलवार बदकं होती, माद्या आणि रंग न चढलेले नर. दोनशेच्या दोनशे.

जायचं कधी? डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत बदकांसाठी बेस्ट. पण एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे धरणातलं पाणी. उजनी १९८० साली पूर्ण झालं, एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, आणि भीमेवरचं हे पाणी मागे दौंडच्या बाजूला कितीतरी लांब पसरतं. पाऊस चांगला झालेल्या वर्षी जानेवारीतही धरण तुडुंब असतं, मग काठाला उथळ पाणी उरत नाही. आणि बहुतेक बदकं ही पाण्यात बुडी मारत नाहीत, नुसती डोकं खाली शेपूट वर करून मान पोचेल तिथलंच खातात, म्हणजे त्यांना फूट-दीड फूट पाणीच लागतं. पाणी जास्त असेल तर ती विखुरतात, आजूबाजूच्या गावतळ्यांत, पाझर तलावांत जातात. रोहित म्हणजे फ्लेमिंगोचं तेच, त्यांना चिखल उघडा पडायला हवा, त्यामुळे त्यांची खरी गर्दी पाणी उतरल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाला होते. सगळे लोक फोटो फ्लेमिंगोचे बघून येतात आणि जानेवारीत चारच दिसले की नाराज होतात. तर निघायच्या आधी आठवड्यात ज्या होडीवाल्याकडे जाणार त्याला फोन करा आणि "पक्षी आहेत का" असं विचारू नका, तो हो म्हणणारच, धंदा आहे त्याचा. "पाणी उतरलंय का, काठाला चिखल दिसतोय का, बदकं कुठल्या बाजूला बसतायत" असं विचारा. उत्तरावरून सगळं कळतं. होडीचे दरही तेव्हाच बोलून घ्या.

दुर्बिणीचं एका वाक्यात: आठ बाय बेचाळीस, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी असेल तर छान, दहा पटीची असेल तर होडीत ती हलते आणि मुलीच्या हाती तर सगळं चित्र नाचतं. एकच दुर्बीण तिघांत असेल तर ती गळ्यात मुलीच्या. बदकं तुम्हाला नुसत्या डोळ्यांनीही दिसतील, तिला दिसली नाहीत तर तुमचाही दिवस गेला म्हणून समजा.

पुण्याहून सोलापूर रोडने भिगवण साधारण शंभर किलोमीटर, तिथून होड्या सुटतात ते कुंभारगाव जवळच. पहाटे साडेचार-पावणेपाचला निघा. जानेवारीत सूर्य सातनंतर पाच-दहा मिनिटांनी उगवतो, तुम्ही पावणेसातला काठावर असलात की झालं, त्याआधी पोचून उपयोग नाही कारण पाण्यावर बऱ्याचदा धुकं असतं आणि धुक्यात सगळी बदकं परत ऑक्टोबरमधल्यासारखी. थंडीला कमी लेखू नका, होडी चालू झाली की पाण्यावरचा वारा कानात शिरतो, कानटोपी प्रत्येकाला. लाल-पिवळी जर्किनं नकोत. आणि मुलीला निघताना काहीतरी खायला घाला, पोह्यांची वाट बघत तिला नऊपर्यंत ठेवू नका.

होडीत बसल्यावर होडीवाल्याला सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगायच्या. एक, ऊन आपल्या पाठीशी राहील अशी होडी घ्या. दोन, बदकं दिसली की लांबूनच इंजिन बंद करा आणि बांबूने ढकला, आम्हाला उडतानाचे फोटो नकोत. हे दुसरं सांगावंच लागतं, कारण कॅमेरेवाल्यांना उडणारा थवा हवा असतो आणि त्यासाठी मुद्दाम थव्यात होडी घालायची सवय काहींना लागलीय. माझ्याबरोबर एकदा असं झालं, एका होडीवाल्याने न सांगताच इंजिन रेस करून अख्खा थवा उठवला आणि "घ्या साहेब फोटो" म्हणून हसला. त्याला वाईट बोलायचं मला जिवावर आलं, आदल्या गिऱ्हाइकाने त्यासाठीच वर बक्षिशी दिली असणार. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी दिवसा विश्रांती घेतोय, बरीच बदकं रात्री चरतात आणि दिवसा झोपतात, त्याला दहा वेळा उठवलं तर कमावलेली चरबी त्यातच जाणार. इथले होडीवाले मूळचे मासेमार, पाण्याची आणि पक्ष्यांची त्यांची नजर तुमच्या-माझ्यापेक्षा तयार आहे, नीट सांगितलं की नीट नेतात.

आता ओळखायची कशी. पंधरा जाती पाठ करून जाऊ नका. चार घ्या, बाकीच्या आपोआप येतील.

सगळ्यात आधी जे बदक नाहीच त्याला बाजूला काढा. काळं अंग, पांढरी चोच आणि कपाळावर पांढरा टिळा, शेकड्याने पोहतायत, ते वारकरी. कपाळावर गंध लावलेलं म्हणून वारकरी, काही जण चांदवाही म्हणतात. नवख्याचं पहिलं "बदक" बहुतेक वेळा वारकरीच असतं. आणि एवढुसं, मातकट, बघता बघता बुडी मारून गायब होतं ते टिबुकली, तेही बदक नाही.

मग थापट्या, म्हणजे शॉव्हेलर. हा तुमच्या मुलीचा पहिला पक्षी होऊ दे, कारण याला नर असो मादी असो, ऑक्टोबर असो जानेवारी असो, चोचीवरून ओळखता येतं. डोक्याच्या मानाने चोच भलतीच मोठी आणि टोकाला पसरट, जेवायच्या टेबलावरचा डाव तोंडात धरल्यासारखी. नराचं डोकं गडद हिरवं, छाती पांढरीशुभ्र, कूस विटकरी. होडी थांबवून दहा मिनिटं नुसतं याच्याकडे बघा, कारण हे पंधरा-वीस एकत्र येऊन जे करतात ते बघण्यासारखं असतं: एकाच्या शेपटीमागे दुसरा असं गोल गोल फिरत राहतात, चोची पाण्याला टेकवलेल्या, अगदी घाण्याचा बैल फिरावा तसे. पायांनी ढवळून खालचं वर आणायचं आणि पुढच्याने ढवळलेलं मागच्याने गाळून खायचं. चोचीच्या कडांना आत कंगव्यासारखे बारीक दाते असतात, पाणी बाजूने बाहेर, किडेमकोडे आणि बिया आत. होडी बंद असेल आणि वारा पडलेला असेल तर तो चुळुकचुळुक आवाज ऐकू येतो, मला तो आवाज फार आवडतो, दरवर्षी एकदा ऐकला नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

दुसरं हळदीकुंकू. नाव ऐकूनच मुलं खूश होतात, आणि तुम्ही संक्रांतीच्या आसपासच जाताय. काळ्या चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं, चोच कपाळाला मिळते तिथे दोन लाल ठिपके. हे आपलं कायमचं रहिवासी, बाहेरून येत नाही, त्यामुळे बारमाही याच रंगात, नाटक नाही. बहुधा जोडीने दिसतं.

तिसरं तलवार बदक, पिनटेल. लांब बारीक मान, चॉकलेटी डोकं, मानेच्या बाजूने वर चढणारी पांढरी रेघ आणि टोकदार शेपूट. मान लांब असल्यामुळे हे थोड्या जास्त खोल पाण्यातही चरतं, शेपटी आभाळाकडे करून. बदकांत इतकं देखणं दुसरं नाही, हे माझं मत, भांडायला तयार आहे.

चौथं चक्रवाक. केशरी भगवं अंग, फिकं डोकं, लांबून काठावर ठेवलेली मातीची भांडी वाटतात. रात्री जोडी ताटातूट होऊन अलीकडच्या-पलीकडच्या काठावरून एकमेकांना हाका मारते ही कवींची गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. हाका मारतात हे खरं, आवाज मात्र विरहाचा अजिबात वाटत नाही, जुन्या एसटीच्या हॉर्नसारखा वाटतो.

ही चार जमली की मग पुढची: डोळ्याभोवती हिरवा पट्टा असलेलं छोटं चक्रांग, शेंगदाण्याच्या रंगाच्या डोक्यावर साय लावल्यासारखं कपाळ असलेलं तरंग बदक, आणि अंगावर काहीच विशेष नाही असं वाटणारं गडवाल, जे उडालं की पंखात पांढरा चौकोन दाखवतं. खोल पाण्यात मधोमध बसलेली आणि बुडी मारणारी दिसली तर ती लालसरी किंवा शेंडी बदकं. बुडी मारणाऱ्यांची उडायची तऱ्हाही वेगळी, ती पाण्यावर पाय आपटत लांब धावून मग उठतात, आणि थापट्या-तलवारवाली जागेवरून सरळ वर. हे एकदा लक्षात आलं की अर्धं काम लांबूनच होतं.

उडालेला थवा बघायचाच असेल तर त्याची सोय निसर्गाने केलेली आहे. दलदली भोवत्या नावाचा शिकारी पक्षी पाण्यावरून खालून खालून, पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून डुलत येतो, आणि तो आला की हजारभर पाखरं एका क्षणात उठतात, भोवती फेर धरतात आणि तो गेला की परत बसतात. त्या अर्ध्या मिनिटात पंखांचे पट्टे दिसतात तेवढे बघून घ्या. दिवसातून दोन-तीनदा तरी तो येतोच.

पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस, काठावरच्या गवतात किंवा हरभऱ्याच्या रानात चरताना दिसला तर त्याच्या मानेकडे बघा. मंगोलियात मानेत रंगीत कॉलर घातलेले कादंब भारतात अनेकदा सापडलेत, कॉलरवर अक्षर-आकडे असतात. दिसले तर रंग आणि अक्षरं लिहून घेऊन बीएनएचएसला, म्हणजे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा, १८८३ पासूनची संस्था आहे, असल्या नोंदींचं मोल त्यांना माहितीये. हा पक्षी हिमालय ओलांडून येतो, उपकरणं लावून मोजलंय, सात हजार मीटरच्याही वर उडताना सापडलाय. मुलीला एवढं सांगितलं की ती बाकीचं स्वतःच विचारेल. आणि जानेवारीतच पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, १९८७ पासून चालू आहे, तुमची तारीख जुळली तर कुणीतरी मोजदाद करताना भेटेल, त्याच्या शेजारी गप्प बसून राहा, खूप शिकायला मिळतं.

साडेनऊ-दहाला पाण्यावरून बाहेर पडा. इथेच लोक चुकतात, अजून एक फेरी, अजून एक पॉइंट करत बारा वाजवतात, ऊन डोक्यावर येतं, पाणी चकाकतं, बदकं चोच पाठीत खुपसून झोपतात आणि पोरगी रडकुंडीला. शिवाय घुबडाची पहिली वेळ निघून जाते. हो, सकाळची. घुबड म्हणजे रात्रच असं नाही, हिवाळ्यात पिंगळा, म्हणजे आपलं छोटं घुबड, सकाळी ढोलीच्या तोंडाशी येऊन ऊन खात बसतो, डोळे अर्धे मिटलेले, पिसं फुगवलेली, आजोबा ओट्यावर शाल पांघरून बसतात तसा. आठ ते साडेदहा ही त्याची उन्हाची वेळ, म्हणून पोहे-चहा झाला की गावातच फिरा, गाडीत बसू नका. जुनी चिंच, वड, बाभूळ, पडकी भिंत, विहिरीच्या बांधकामातला खड्डा, ज्या ढोलीवर सकाळचं ऊन येतं ती आधी बघायची.

पण घुबड शोधायला घुबड बघायचं नसतं. एक तर खाली बघा: झाडाखाली किंवा भिंतीवर चुन्याचे ओघळ आल्यासारखी पांढरी शिट असते. दोन, कान द्या: कोतवाल, बुलबुल, साळुंक्या एकाच फांदीकडे तोंड करून कालवा करतायत, खारीही शेपटी आपटत ओरडतेय, तर तिथे साप तरी आहे नाहीतर घुबड. तीन, माणसांना विचारा, हा सगळ्यात सोपा मार्ग. मी एकदा तासभर एका वडाला प्रदक्षिणा घालत होतो, शेवटी शेळ्या घेऊन चाललेल्या आजी थांबल्या आणि म्हणाल्या, "घुबाड बघाया पुण्यासनं आलाय व्हय? आमच्या चिचंवर दोन पिंगळं हायत की, रोज दिवस मावळतीला नुसता कालवा करत्यात." चिंच त्यांच्या घराच्या मागे, वडापासून पन्नास पावलांवर. दोन होते.

पिंगळा दिसला की वीस-पंचवीस फुटांवर थांबा आणि मुलीला सांगा हलू नकोस. तो तुमच्याकडे टक लावून बघेल आणि मग मान वर, खाली, मग एका बाजूला, परत खाली, अशी कसरत चालू करेल. घुबडाचे डोळे आपल्यासारखे खोबणीत फिरत नाहीत, घट्ट बसवलेले असतात, म्हणून अंतराचा अंदाज घ्यायला सगळं डोकंच हलवावं लागतं. मानेत चौदा मणके, आपल्या दुप्पट, त्यामुळे मान पाऊण चक्र फिरते. माझ्याबरोबरच्या पोरांनी हे बघितलं की सगळी पोरं तशीच माना हलवायला लागतात आणि मग पिंगळा आणि पोरं एकमेकांकडे बघत कवायत करत राहतात. त्याने कसरत थांबवून अंग बारीक केलं, पिसं चिकटवून काडीसारखा उभा राहिला, तर समजायचं तो घाबरलाय, दोन पावलं मागे या. पहाटे कंदील घेऊन दारात येणारा आणि पक्ष्याची भाषा कळते म्हणून भविष्य सांगणारा पिंगळा तुमच्या आई-वडिलांनी लहानपणी पाहिला असेल, त्याचं नाव याच पाखराशी जोडलेलं.

पडका वाडा किंवा जुनं गोदाम दिसलं तर गव्हाणी घुबड असायची शक्यता, बदामाच्या आकाराच्या चेहऱ्याचं, पांढरं. ते दिवसा अंधारात झोपतं, आत टॉर्च घेऊन शिरू नका, ते बाहेर उडालं तर भर दिवसा कावळे त्याचा जीव नकोसा करतात. त्याऐवजी बाहेरच्या बाजूला, भिंतीच्या कडेला, गोळ्या शोधा. घुबड उंदीर अख्खाच गिळतं, मांस पचतं, आणि केस-हाडं यांची गोळी होऊन तोंडावाटे परत बाहेर येते. अंगठ्याएवढी, ताजी असली तर काळी आणि वार्निश मारल्यासारखी चकचकीत, जुनी करडी आणि ठिसूळ. मी अशा दोन गोळ्या आणून, घरी स्टीलच्या वाटीत कोमट पाण्यात भिजवून, पोरांना सुया देऊन बसवलं होतं. अर्ध्या तासात वर्तमानपत्रावर तीन कवट्या. उंदराच्या कवटीचे पुढचे दात नारिंगी असतात, लोखंडामुळे, आणि एका कवटीचे मात्र पांढरे आणि सुईसारखे, ती चिचुंद्री. एका मुलीने सगळ्या बरगड्या लांबीप्रमाणे लावल्या आणि ती वर्तमानपत्रासकट घरी घेऊन गेली, तिच्या आईचा मला फोन आला, तो वेगळा विषय. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, आणि ती वाटी परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

दुपारी काही करू नका. चिलापीचं कालवण, भाकरी, आणि सावलीत दोन तास झोप. भिगवणला येऊन चिलापी न खाता गेलात तर होडीवाल्यापेक्षा त्याच्या बायकोला जास्त वाईट वाटेल.

साडेतीन-चारनंतर दोन रस्ते. एक कडबनवाडीचा माळ, इंदापूर तालुक्यातच, वनखात्याची गवताळ भागातली सफारी आहे, बुकिंग आधी ऑनलाइन करावं लागतं आणि गाइड बरोबर घ्यावा लागतो. चिंकारा, खोकड, नशीब जोरावर असेल तर लांडगा. गवतात जमिनीवर बसणारं एक पाहुणं घुबड, शॉर्ट इअर्ड आऊल, असल्या माळांवर हिवाळ्यात येतं, संध्याकाळच्या उजेडात गवतावरून भोवत्यासारखं तरंगत फिरतं, दिसेलच असं नाही, दिसलं तर मात्र विसरणार नाही. गाडीतून उतरून गवतात शिरू नका, ते पायाखालून उठतं आणि मग दुसरीकडे त्याला कुत्री गाठतात.

दुसरा रस्ता ओढ्याचा. मातीच्या दरडी असलेला ओढा, आजूबाजूला ऊस किंवा ज्वारी, म्हणजे उंदीर भरपूर, तिथे शृंगी घुबड असतं, आपल्याकडचं मोठं घुबड, डोक्यावर शिंगासारखी पिसं, डोळे केशरी. ती शिंगं म्हणजे कान नव्हेत, कान पिसांच्या आत असतात. सूर्य मावळला की साडेसहाच्या सुमाराला ते दरडीच्या टोकावर, खडकावर किंवा विजेच्या खांबावर येऊन बसतं आणि "बुऽ बो" असा खोल आवाज देतं, दुसरं पलीकडून उत्तर देतं. तुम्ही शंभर-दीडशे फुटांवर, बांधाआड, सहा वाजल्यापासून बसून राहायचं. फिरायचं नाही. मुलीला कुशीत घ्या, घोंगडं असेल तर उत्तम.

आणि इथे मी जरा कडक बोलणार. जानेवारी हा शृंगी घुबडाचा अंडी-पिल्लांचा काळ. ते घरटं बांधत नाही, दरडीतल्या कपारीत उघड्या मातीवरच अंडी घालतं, तुम्ही जवळ गेलात आणि मादी उठली की अंडी गार पडतात, कावळ्या-मुंगसाला रस्ता मोकळा. मी स्वतः हे पाप केलंय. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मला एक जागा सापडली, मी उत्साहात दोन मित्रांना नेलं, त्यांनी अजून चौघांना, तीन आठवड्यांत तिथे ट्रायपॉड लागले आणि चौथ्या आठवड्यात कपार रिकामी. काय झालं कुणी बघितलं नाही, पण मला झोप लागली नाही. त्यामुळे मला जागा विचारू नका, मी सांगत नाही, तुम्हाला सापडली तर तुम्हीही सांगू नका आणि फोटोवर ठिकाण टाकू नका. रेकॉर्ड केलेला आवाज लावून घुबड बोलवायचं नाही, फ्लॅश नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या नावाखाली घुबडं पकडणारी माणसंही असल्याच माहितीच्या शोधात असतात, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी असूनसुद्धा.

गावात एक समजूत ऐकाल, घुबडाला दगड मारू नये, ते तो दगड झेलतं आणि उगाळत बसतं, जसजसा दगड झिजतो तसतसा मारणारा झिजतो. मी ही समजूत कधीच खोडून काढत नाही. पोरं दगड खाली ठेवतात, मला तेवढंच हवंय.

तुम्ही शेवटी विचारलंय की वनपिंगळा, म्हणजे जंगलातला तो दुर्मीळ पिंगळा, दिसेल का. भिगवणला नाही. तो सातपुडा-मेळघाटाकडचा, आणि ठाण्याकडे तानसाच्या जंगलातही सापडलाय. १८८४ नंतर तो कुणाला सापडलाच नव्हता, मधे १९१४ चा म्हणून एक नमुना दाखवला जायचा, तो रिचर्ड माइनर्टझहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दुसऱ्याचा चोरून खोटं लेबल लावलेला निघाला, आणि त्या लेबलापायी लोक चुकीच्या ठिकाणी शोधत राहिले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पॅमेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना तो आपल्या शहाद्याजवळ दिसला, तोही भर सकाळी, पानं गळलेल्या झाडावर बसलेला. त्याचा प्रवास वेगळा आखा, मुलगी थोडी मोठी झाली की.

आणि समजा दिवसभरात एकही घुबड नाही दिसलं, होतं असं, माझे कितीतरी दिवस गेलेत, तर पुढच्या रविवारी सकाळी आठला पुणे विद्यापीठाच्या आवारात जा, जुन्या झाडांच्या ढोल्या उन्हाच्या बाजूने बघत चला, पिंगळे आहेत तिथे. फक्त भिगवणला जाताना मोज्यांचा एक जादा जोड घ्या, होडीत तळाला पाणी असतंच आणि मुलीचे पाय ओले झाले की बदकं संपली.